शिडी : पहिले पाऊल टाकण्यापूर्वी

‘मूकनायक’ पाक्षिकाच्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्याच अंकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील समाजरचनेला एका मजलेबंद मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्या मजल्यावर जन्मावे त्याच मजल्यावर मरावे, कारण त्या मनोऱ्याला वर-खाली जाण्यासाठी शिडीच नाही, असा त्या उपमेचा आशय होता. तेव्हापासून आपल्या भाषणांत आणि लेखनात ‘शिडी’ हा शब्द बहुधा शिक्षणाच्या संदर्भातच येत राहिला आहे आणि ते योग्यही आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र उपमेतील शिडी नव्हे. बांबूची, लाकडाची, लोखंडाची वा ॲल्युमिनियमची, भिंतीला टेकवून आपण जिच्यावर प्रत्यक्ष चढतो, त्या साध्यासुध्या शिडीविषयी येथे लिहावयाचे आहे.

असा विषय स्मरणिकेत कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आपल्या निवासी शाळेच्या प्रवेशनोंदींतच आहे. पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यात रंगकाम, गवंडीकाम, वायरिंग, मांडव उभारणी, वेल्डिंग, सफाई अशा नोंदी वर्षानुवर्षे दिसतात. आपले कित्येक माजी विद्यार्थीही आयटीआय करून आज याच क्षेत्रांत काम करीत आहेत. म्हणजे आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल शिडीवर चढणाऱ्या माणसाच्या दोन पायांवर पेटते. तो माणूस एकदा पडला की महिनोन् महिने मजुरी बुडते, औषधोपचारासाठी कर्ज होते आणि बऱ्याचदा त्या घरातील मुलाचे किंवा मुलीचे शिक्षणही तेथेच थांबते. म्हणून जी शिडी आपण रोज पाहतो, परंतु जिच्याविषयी कधी विचार करीत नाही, तिचा येथे थोडा शास्त्रशुद्ध विचार करू.

फार जुने साधन

शिडी हे चाकापेक्षाही जुने साधन असावे. स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात कुएवास दे ला अरान्या नावाच्या गुहा आहेत. दोरांसारख्या लोंबत्या वेलींवर चढून पोळ्यातील मध काढणारी मानवी आकृती तेथील एका शैलचित्रात दिसते. ते चित्र साधारणपणे आठ हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. आपल्याकडील उदाहरण भारहूतच्या स्तूपशिल्पाचे देता येईल. संकिसा येथे भगवान बुद्धांचे अवतरण झाल्याची जी परंपरागत कथा आहे, ती त्या शिल्पात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या तीन शिड्यांच्या रूपाने कोरलेली आहे. मधल्या शिडीच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पायरीवर पावलाचा ठसा आहे. भारहूतचे हे अवशेष आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात पाहावयास मिळतात. कथेचा भाग बाजूला ठेवला तरी इसवी सनापूर्वीच्या कारागिरांना शिडी परिचित होती, हे या शिल्पावरून स्पष्ट होते.

साधन जुने आणि सोपे असले की ते वापरावयास शिकावे लागते, हे माणूस विसरतो. सायकल, मोटार वा यंत्र हाती देताना आपण शिकवतो. शिडी मात्र नुसती ‘धर आणि चढ’ म्हणून हाती देतो. बरेचसे अपघात होतात ते याच कारणाने.

शिडी घसरते ती कशामुळे?

शिडीचे सारे शास्त्र एका साध्या प्रश्नात सामावले आहे. खालच्या तीन-चार पायऱ्यांवर घट्ट वाटणारी शिडी माणूस वर पोहोचल्यावर अचानक का घसरते?

भिंतीला तिरकी टेकवलेली शिडी माणसाचे वजन केवळ खाली जमिनीत उतरवीत नाही, तर आपला पाया भिंतीपासून दूर, बाहेरच्या दिशेने ढकलू लागते. या ढकलीला अडवून धरते ते जमिनीचे घर्षण. जोवर घर्षण पुरे पडते तोवर शिडी उभी असते. ज्या क्षणी ढकल अधिक होते त्या क्षणी पाया सुटतो. ही ढकल दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, शिडी किती तिरकी आहे; आणि दुसरी, माणूस किती वर चढला आहे.

थोडा हिशेब करून पाहू. शिडीचे स्वतःचे वजन आणि भिंतीचे घर्षण क्षणभर बाजूला ठेवू आणि ७० किलो वजनाचा माणूस शिडीच्या माथ्याजवळ उभा आहे असे मानू. शिडी जमिनीशी सुमारे ७५ अंशांचा कोन करीत असेल, तर पाया बाहेर ढकलणारा जोर साधारण १८ किलो वजनाएवढा असतो. तीच शिडी ६० अंशांवर आणली तर तो जोर सुमारे ४० किलोंवर जातो. ४५ अंशांवर तो माणसाच्या पूर्ण वजनाइतका, म्हणजे ७० किलो होतो. माणूस निम्म्या उंचीवर असेल तर या सर्व आकड्यांची निम्मी किंमत धरावी.

या हिशेबातून ध्यानात घ्यावयाची मुख्य गोष्ट अशी : खालच्या पायऱ्यांवर शिडी हलली नाही, हा ती सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे. माणूस जसजसा वर जातो तसतशी ढकल वाढत जाते. आणि पडल्यावर सर्वाधिक इजा होईल अशाच उंचीवर शिडी सुटण्याचा धोकाही सर्वाधिक असतो. म्हणून शिडीची परीक्षा चढताना होत नसते, ती चढण्यापूर्वी जमिनीवरच करून घ्यावी लागते.

विद्यार्थ्यांना हे पटवून देण्यासाठी एक प्रयोग वर्गात सहज करता येतो. एक फूटपट्टी गुळगुळीत फरशीवर ठेवून भिंतीला उभट टेकवावी आणि तिचे खालचे टोक हळूहळू बाहेर सरकवीत न्यावे. एका ठरावीक कोनापर्यंत ती टिकते आणि त्यापुढे आपोआप खाली येते. मग तोच प्रयोग फरशीवर थोडे पाणी टाकून आणि त्यानंतर खालच्या टोकाशी रबराचा तुकडा ठेवून करावा. घर्षण म्हणजे काय, याचा धडा पाठ्यपुस्तकाविनाच समजतो.

चारास एक

मग योग्य कोन कोणता? जगभर मान्य असलेला नियम ‘चारास एक’ असा आहे. शिडी भिंतीला जेथे टेकते ती जागा जमिनीपासून ४ मीटर उंच असेल, तर शिडीचा पाया भिंतीपासून १ मीटर दूर असावा. ८ फुटांवर टेकत असेल तर २ फूट दूर. या मांडणीत कोन आपोआप ७५ अंशांच्या आसपास येतो. पाया यापेक्षा दूर गेला तर शिडी घसरण्याचा धोका असतो. तो फार जवळ आला तर शिडी माणसासह मागे उलटण्याचा धोका असतो.

मोजपट्टी जवळ नसली तरी चालते. शिडीच्या पायाला दोन्ही पायांची बोटे लावून ताठ उभे राहावे आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत समोर पसरावेत. तळहात समोरच्या पायरीवर सहज टेकले तर कोन ठीक आहे. वाकावे लागले तर शिडी फार तिरकी आहे. हात कोपरात दुमडले तर ती फार उभी आहे.

जमीन सपाट आणि टणक हवी. ओली फरशी, शेवाळलेले अंगण, तेल सांडलेला ओटा, मऊ चिखल, गालिचा वा प्लास्टिकचा कागद यांवर शिडी उभी करू नये. एका पायाखाली वीट, पाटा किंवा पुस्तकांचा गठ्ठा ठेवून उंची जुळवणे हा तर अपघाताला दिलेला आवतणाचा विडाच होय. उंची कमी पडली म्हणून टेबलावर, पिंपावर किंवा टेम्पोच्या हौद्यात शिडी उभी करणेही तितकेच घातक. वरचे टोक खिडकीच्या काचेवर, पन्हळीवर वा हलत्या फांदीवर टेकवू नये. भरीव भिंतीचाच आधार घ्यावा. दरवाजासमोर शिडी लावणे भाग असेल तर तो आतून बंद करावा किंवा तेथे कोणाला तरी उभे करावे.

शिडीवरून गच्चीवर किंवा माळ्यावर उतरावयाचे असेल तर शिडीचे वरचे टोक त्या कडेपेक्षा किमान १ मीटर वर आलेले असावे. शिडी सोडून पाय बाजूला टाकण्याचा क्षण सर्वांत नाजूक असतो आणि त्या क्षणी हाताला धरण्यासाठी काहीतरी लागते. शक्य असेल तेथे वरचे टोक दोराने पक्के बांधावे. पहिल्यांदा बांधण्यासाठी चढताना खाली दुसऱ्याने शिडी धरून ठेवावी. उंच शिडीच्या बाबतीत मात्र खालच्या माणसाच्या धरण्यापेक्षा दोराची गाठ अधिक विश्वासाची असते.

शिडीची तपासणी

आपल्याकडे शिडी मोडेपर्यंत वापरली जाते आणि ती मोडते तेव्हा बहुधा तिच्यावर माणूस असतो. म्हणून प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी ती जमिनीवर आडवी ठेवून दोन मिनिटे तपासावी.

बांबूच्या शिडीत उभी चीर गेली आहे काय, पेरांजवळ पिवळसर भुसा पडतो आहे काय, हे पाहावे. भुसा दिसला तर आतून किडीने बांबू पोखरला आहे असे समजावे. पायऱ्या ज्या काथ्याने वा सुतळीने बांधल्या असतील ती बांधणी ऊन-पावसाने कुजते. प्रत्येक पायरी हाताने हलवून पाहावी आणि ढिली आढळल्यास नव्याने बांधून घ्यावी. लाकडी शिडीला ऑइल पेंट कधीही देऊ नये. रंगाखाली भेगा आणि कूज लपून जातात. पारदर्शक वार्निश चालते. लोखंडी शिडीत वेल्डिंगच्या जागी गंज व तडे शोधावेत. ॲल्युमिनियमच्या शिडीत वाकलेले दांडे, सुटलेले रिव्हेट आणि विशेषतः पायाचे झिजलेले रबर पाहावे. बाजारात काही रुपयांना मिळणारे हे रबराचे बूट नसतील तर ॲल्युमिनियम फरशीवर सहज सरकते.

मोडकी शिडी ‘तात्पुरती’ म्हणून तारेने बांधून ठेवू नये. ती उद्या कोणी तरी, माहीत नसताना वापरणारच. दुरुस्त होत असेल तर लगेच नीट दुरुस्त करावी; होत नसेल तर तोडून टाकावी. विकत घेतलेल्या शिडीवर कमाल भाराचा आकडा छापलेला असतो. त्या भारात माणसाबरोबर अवजारांची पिशवी आणि रंगाचा डबा हेही मोजावेत. शिड्यांच्या सुरक्षित वापरासाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस ३६९६ (भाग २) : १९९१’ हे स्वतंत्र मानक आहे, हे ठेकेदारी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावे.

चढताना आणि उतरताना

चढणाऱ्याने तोंड नेहमी शिडीकडे ठेवावे. उतरतानाही पाठ फिरवू नये. शिडीला एका वेळी तीन अवयवांचा आधार असावा : दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय. हा नियम पाळावयाचा तर हातात सामान घेऊन चढता येणार नाही, हे उघड आहे. अवजारे खांद्यावरच्या पिशवीत किंवा कमरेच्या पट्ट्यात ठेवावीत आणि रंगाचा डबा वा बादली वर पोहोचल्यावर दोराने ओढून घ्यावी.

काम करताना आपली बेंबी शिडीच्या दोन्ही उभ्या दांड्यांच्या मध्ये राहिली पाहिजे. ती बाहेर गेली की शरीराचा तोल बाहेर गेला असे समजावे. ‘एवढा एक हात पुरला की झाले’ म्हणून माणूस बाजूला झुकतो, हे शिडीवरून पडण्याचे नेहमीचे कारण. खाली उतरून शिडी हातभर सरकवण्यास दोन मिनिटे लागतात. ती वाचवू नयेत. टेकवलेल्या शिडीच्या सर्वांत वरच्या तीन पायऱ्यांवर पाय ठेवू नये, कारण तेथे हाताला धरण्यास काही उरत नाही. एका शिडीवर एकाच वेळी एकानेच चढावे.

पायात न घसरणारे, मागून बंद असलेले पादत्राण असावे. स्लिपर किंवा ओले अनवाणी पाय दोन्ही धोक्याचे. लुंगी, धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी पायरीत अडकतात. त्या खोचून घ्याव्यात. चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी, झोप आणणारे औषध घेतलेल्यांनी आणि मद्यपान केलेल्या कोणीही शिडीला हात लावू नये. वादळी वारा आणि पाऊस असेल तर उघड्यावरील काम त्या दिवशी थांबवावे.

येथे उंचीविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘फार उंच नाही, दोन-तीन मीटर तर आहे’ असे आपण म्हणतो. परंतु ३ मीटरवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर आदळतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे २७ किलोमीटर असतो. पाऊण सेकंदात सावरता येत नाही. ज्याचे डोके फरशीच्या कडेवर आदळले, त्याच्यासाठी दोन मीटरदेखील पुष्कळ असतात.

घरातील शिडी

घरात शिडीचे काम पंखा पुसणे, जळमटे काढणे, बल्ब बदलणे, माळ्यावरून भांडी काढणे एवढेच असते. त्यामुळे शिडीच आणली जात नाही. प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर स्टूल आणि टाचा उंचावलेली गृहिणी, हे दृश्य सणासुदीच्या साफसफाईत घरोघरी दिसते. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय मध्यभागी बसलेल्या माणसासाठी केलेले असतात, कडेला उभ्या राहणाऱ्यासाठी नव्हे. ज्या घरात टीव्ही आणि मोबाईल आहे त्या घरात चार पायऱ्यांची एक घडीची शिडी असणे चैन मानू नये.

घडीची दुपाखी शिडी, जिला पुष्कळ ठिकाणी घोडा म्हणतात, ती पूर्ण उघडून तिच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या खटका बसेपर्यंत ताणाव्यात. ती मिटलेल्या अवस्थेत भिंतीला टेकवून वापरू नये. तिचे पाय त्या कोनासाठी केलेले नसतात. तिच्या माथ्यावर आणि वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नये. मागच्या बाजूच्या आडव्या पट्ट्या शिडीला बळकटी देण्यासाठी असतात, त्यांवर पाय देऊ नये. पंखा पुसताना बटण बंद करून घरातील सर्वांना तसे सांगावे.

वृद्धांविषयी विशेष सांगावेसे वाटते. वयोमानाने तोल, दृष्टी आणि हाडांची ताकद कमी होते. साठीनंतर मोडलेला खुबा कित्येकांना कायमचा अंथरुणाला खिळवतो. ‘मी अजून धडधाकट आहे’ हा आजोबांचा आग्रह मोडणे कठीण असते. म्हणून त्यांनी शिडी शोधावयास लागण्यापूर्वीच बल्ब बदलून द्यावा, हे उत्तम. लहान मुलांना मात्र कोणत्याही निमित्ताने शिडीवर चढवू नये आणि शिडी धरावयासही उभे करू नये. वरचा माणूस पडला तर तो खाली धरणाऱ्याच्या अंगावर पडतो. वापरून झालेली शिडी भिंतीला उभी न ठेवता आडवी करून ठेवावी, म्हणजे मुलांना तिचा मोह होत नाही.

पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे किंवा पत्र्यावर चढणे हे ग्रामीण भागातील नेहमीचे काम. सिमेंटचे पत्रे वरून कितीही भक्कम दिसले तरी माणसाच्या वजनाने अचानक फुटतात. त्यांवर थेट पाय न देता खालच्या वाशांवर आडव्या येतील अशा रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे.

कामाच्या ठिकाणी : हक्क आणि जबाबदारी

घरात आपण आपल्या मर्जीने चढतो. कामावर दुसऱ्याच्या सांगण्यावरून चढावे लागते. हा फरक महत्त्वाचा आहे. चढणारा कितीही काळजी घेणारा असला, तरी शिडी ठेकेदाराची, घाई मालकाची आणि रोज बुडण्याची भीती मात्र मजुराची असते. म्हणून सुरक्षिततेचा भार एकट्या मजुराच्या सावधपणावर टाकणे अन्यायाचे आहे.

इतिहासाकडे पाहता हा विचार कायद्यात आणण्यासाठी किती प्रयत्न झाले ते दिसते. कामावर झालेल्या अपघाताच्या भरपाईचे दायित्व मालकावर टाकणारा कायदा १९२३ साली आला. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ च्या दुरुस्तीने. थकलेला माणूस अधिक पडतो, हे लक्षात घेतले तर कामाचे तास हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे हे समजते. कारखाना कायदा, १९४८ च्या कलम ३२ मध्ये उंचीवरून माणूस पडण्याची शक्यता असेल तेथे कठडा वा अन्य उपाय करण्याची तरतूद आली. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. महाराष्ट्रात अशा कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. ज्याचे वय १८ ते ६० वर्षांच्या दरम्यान आहे आणि ज्याने मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम केले आहे, त्याला मंडळाकडे नोंदणी करता येते. रंगारी, वायरमन, प्लंबर हेही यात येतात. आपल्या भागातील किती जणांनी ही नोंदणी केली आहे, हे माजी विद्यार्थी संघाने एकदा घरोघरी जाऊन पाहिले तर ते मोठे काम होईल.

कामावरच्या शिडीविषयी तीन गोष्टी आग्रहाने सांगाव्या लागतात. एक, शिडी ही वर जाण्यासाठी आणि थोड्या वेळाच्या हलक्या कामासाठी आहे. ब्रिटनमधील कामगार-सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे मार्गदर्शन असे की, एका स्थितीत सलग ३० मिनिटांहून अधिक काम असेल तर शिडीऐवजी दुसरे साधन पाहावे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तेथे परांची बांधावी. दोन, सुरक्षा पट्टा वापरावयाचा तर त्याचा दोर इमारतीच्या भक्कम भागाला अडकवावा, शिडीला नव्हे. शिडी पडली तर पट्टा माणसाला तिच्याबरोबरच खाली नेईल. तीन, ‘ही शिडी ठीक नाही, दुसरी द्या’ असे म्हणणाऱ्या मजुराला भित्रा समजू नये. तो आपले काम जाणतो. आणि जे माजी विद्यार्थी आज स्वतः ठेकेदार वा पर्यवेक्षक झाले आहेत, त्यांनी असे म्हणणाऱ्याचा त्या दिवशीचा रोज कापू नये.

जयंतीची रोषणाई आणि विजेच्या तारा

१४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या दिवसांच्या आधी वस्त्यावस्त्यांत पताका, झेंडे, विद्युतमाळा आणि फलक लावण्याची लगबग सुरू होते. हे काम बहुधा रात्री, उत्साही तरुणांच्या हातून आणि अपुऱ्या उजेडात होते. येथे पडण्याच्या धोक्यात विजेच्या धोक्याची भर पडते.

ॲल्युमिनियम आणि लोखंड विजेचे उत्तम वाहक आहेत. कोरडा बांबू बराच सुरक्षित असला तरी भिजलेला बांबू वीज वाहून नेतो. घरातील २३० व्होल्टचा धक्का प्राण घेण्यास पुरेसा असतो. गावावरून जाणाऱ्या कित्येक तारांत तर ११,००० व्होल्टचा दाब असतो आणि अशा तारेला प्रत्यक्ष स्पर्श न होता अगदी जवळ गेल्यानेही वीज शिडीत किंवा झेंड्याच्या लोखंडी काठीत उतरू शकते. म्हणून वर तारा असतील तेथे धातूची शिडी नेऊच नये. शिडी कोणत्याही बाजूला पडली तरी तारेला लागणार नाही, एवढे अंतर ठेवावे. शिडी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना ती उभी न नेता आडवी करून, दोघांनी न्यावी. विजेच्या खांबावर चढून माळा बांधू नयेत आणि आकडा तर कदापि टाकू नये. तारेजवळचे काम अपरिहार्य असेल तर वीज कंपनीला आधी कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. तक्रार व माहितीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. वायरमनचा व्यवसाय करणाऱ्यांनी फायबरग्लासची शिडी वापरावी.

प्रत्येक मंडळाने सजावटीच्या कामासाठी एका जाणत्या माणसाला जबाबदार नेमावे. त्याने स्वतः वर चढू नये. खाली उभे राहून शिडी, दोर, तारा आणि चढणाऱ्याची स्थिती एवढेच पाहावे.

अपघात झालाच तर

पडलेल्या माणसाला लगेच उचलून बसवणे, पाणी पाजणे, हातपाय ओढून पाहणे हे आपल्याकडे मायेपोटी केले जाते. परंतु मान किंवा पाठीचा कणा दुखावला असेल तर त्यानेच कायमचे अपंगत्व येऊ शकते. त्याला आहे तसे पडून राहू द्यावे, मान हलू देऊ नये, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो श्वास घेत नसेल आणि जवळच्या कोणाला छाती दाबण्याचे प्रथमोपचार येत असतील, तर ते तत्काळ सुरू करावेत. डोक्याला मार लागलेला माणूस उठून ‘काही झाले नाही’ म्हणाला तरी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा बोलण्यातील विसंगती दिसली तर क्षणाचाही विलंब करू नये.

विजेचा धक्का बसला असेल तर प्रथम मेन स्विच बंद करावा. त्यापूर्वी त्या माणसाला किंवा शिडीला हात लावू नये. उच्च दाबाच्या तारेचा संबंध असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळही जाऊ नये. एकाला वाचविताना दुसरा दगावल्याच्या घटना घडत असतात.

शिडीवरून पडणे हे नशीब नव्हे. कोन, घर्षण, भार, दोर आणि तारा ही त्याची कारणे आहेत. ती डोळ्यांना दिसतात, हाताने तपासता येतात आणि बहुतेक वेळा चढण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत दूर करता येतात. कारण शोधावे आणि ते दूर करावे, ही विचारपद्धती आपण शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकवतो. ती रंगाऱ्याच्या शिडीपर्यंत आणि घरातील माळ्यापर्यंत पोहोचली, तर शिक्षण घरी पोहोचले असे म्हणता येईल. पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे की, हा लेख वाचून झाल्यावर घरातील, दुकानातील वा कामावरची शिडी एकदा जमिनीवर आडवी ठेवून तपासावी आणि पायाचे रबर झिजले असेल तर ते त्याच आठवड्यात बदलून घ्यावे.